होसकोट्याचे रान आणि फिरतीची बंदूक

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे सुमारे अठरा मैलांवर होसकोटे लागते. ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. हा नवा कोट सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५ च्या सुमारास बांधविला, म्हणजे आता तो चांगलाच जुना झाला. गावापेक्षा गावाचे तळे मोठे. जुन्या गॅझेटियरात त्याचा बांध दोन मैल लांब आणि भरल्या तळ्याचा घेर दहा मैलांपेक्षा कमी नाही, असे नोंदविले आहे. भोवती सपाट माळ, मधून मधून काळ्या खडकांच्या टेकड्या, काटेरी झुडपे आणि दक्षिण पिनाकिनीचा कोरडा सखल पट्टा. वाघ-हत्तींचे अरण्य म्हणावे असे येथे काही नाही. हे रान ससा, तितर, लावा आणि होला यांचे. पावसाळ्यानंतर तळ्यावर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांचे.

अशा रानात सकाळी पाय मोकळे करण्यास निघालेल्या माणसाने खांद्यावर कोणती बंदूक घ्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु परप्रांतात नोकरी केलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या वाडवडिलांनी तंबू, घोडे आणि कारकून बरोबर घेऊन फिरती केली, त्यांच्या घरी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला आहे. सामान थोडे, बंदूक एक, आणि पुढे काय निघेल याचा नेम नाही. सर्व कामांना चालणारी अशी एक बंदूक असते काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बंदुकीच्या कारखानदारांनी जेवढे दिले, त्याहून अधिक जमिनीने आणि कायद्याने दिले आहे.

या भूमीत मराठी माणूस प्रथम अधिकारी म्हणून आला तो शहाजीराजांबरोबर. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले, आणि बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख राजांच्या जहागिरीत पडला. त्यांचे कारभारी नारोपंत हणमंते यांच्या चिरंजिवांच्या, म्हणजे रघुनाथपंतांच्या नावाशी पुढे राजव्यवहारकोश जोडला गेला, आणि त्या कोशात शस्त्रांना एक स्वतंत्र वर्गच आहे. बदलीच्या गावी वाढलेल्या मुलाने राज्याच्या शब्दांची मोजदाद करावी, हे आम्हांस मोठे बोलके वाटते.

राजांना शिकारीचा नाद होता आणि तोच त्यांना भोवला. २३ जानेवारी १६६४ रोजी बसवापट्टणजवळ होदिगेरे येथे सावजामागे घोडा फेकला असता ते घोड्यावरून पडून मृत्यू पावले. तेथे त्यांची समाधी आहे. सरदारांची शिकार तेव्हा अशी घोड्यावरची होती. हातात भाला किंवा तीरकमान, आणि सारा भरवसा जनावराच्या पायांवर. तोड्याची बंदूक त्या काळी सर्वत्र होती, पण धावत्या सावजावर तिचा उपयोग बेताचाच. नळीत दारू आणि गोळी ठासावी, कानाजवळ रंजक घालावे, तोडा पेटता ठेवावा. चाप ओढला म्हणजे जळते टोक रंजकावर टेकते आणि मग, हवेला वाटले तर, बार होतो. तोड्याचा वास वाऱ्यावर आधी पोहोचतो, आणि एक सर पडली की सारा खटाटोप फुकट. म्हणून तोडेवाला शिकारी चालत नसे, तो बसत असे. पाणवठ्याजवळ झुडपाआड दबा धरावा आणि बसलेल्या पाखरावर नेम धरावा, ही त्याची रीत. रानातून हिंडता हिंडता शिकार करणे ही कल्पना या बंदुकीबरोबर जुळतच नाही.

लढाईचा इतिहास हा आजचा विषय नव्हे, तरी होसकोट्याचे नाव निघाले आणि मुरारराव घोरपड्यांची रात्र सांगितली नाही, तर मराठी वाचक आम्हांस क्षमा करणार नाहीत. ऑगस्ट १७६८ मध्ये इंग्रजांच्या बाजूने आलेल्या मुराररावांच्या छावणीवर हैदराने येथे रात्रीचा छापा घातला. रावांनी आपल्या स्वारांना घोड्यांवर न चढता घोड्यांपाशीच उभे राहण्याचा हुकूम दिला. म्हणजे अंधारात जो स्वार दिसेल तो शत्रूचा, हे ठरलेलेच. त्यातच रावांचा एक हत्ती जखमी होऊन सुटला आणि सोंडेत साखळी धरून हैदराच्या स्वारांना झोडपत निघाला. छापा फसला. बंदुकीपेक्षा साखळी कामास आली, असे हे एक उदाहरण.

१८०९ मध्ये बंगळुरास इंग्रजी लष्कराची छावणी वसली आणि आसपासच्या तळ्यांना नवे गिऱ्हाईक लाभले. पाणलाव्यासाठी आणि रानबदकांसाठी साहेब लोक चिखल तुडवू लागले. एव्हाना चकमकीच्या बंदुका आल्या होत्या. मग टोपीच्या आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरण्याची दुनळी आली. तिच्यामुळे उडत्या पाखरावर, चालता चालता, लागोपाठ दोन बार टाकता येऊ लागले. मद्रास सैन्याचे वैद्य जर्डन यांनी शिकारीच्या पक्ष्यांवरील आपले पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध केले, तो हाच काळ.

या दुनळीचे ‘बारा बोअर’ हे माप पुष्कळांना कोड्यात टाकते. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत बरोबर बसते ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास पाऊण इंचाहून किंचित कमी. आकडा लहान तेवढी नळी मोठी, असा हा उलटा हिशेब. त्याच १८६४ साली या मुलखात आलेले आणि पुढे म्हैसूरच्या पाटबंधाऱ्यांच्या कामावर राहिलेले सँडरसन हत्ती-गव्यांसाठी आठ आणि चार बोअरची अवजड हत्यारे वापरीत. त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये निघाले. कालव्यांची मोजणी करता करता त्यांनी हत्ती पकडण्याचे खेडेही उभारले. परंतु सँडरसनांची बंदूक घेऊन होसकोट्याच्या माळावर सशामागे जाणे म्हणजे उंदरासाठी तोफ ओढण्यासारखे.

दोन टोकांची सांगड घालण्याचा सर्वांत हुशार प्रयत्न कर्नल फॉस्बेरी या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने केला. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतले आणि हॉलंड आणि हॉलंड या लंडनच्या कारखान्याने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. बाहेरून साधी दुनळी. नळी आतून गुळगुळीत, मात्र तोंडाजवळच्या शेवटच्या दोनेक इंचांत आटे पाडलेले. छर्रे घातले तर छर्ऱ्यांची बंदूक, गोळी घातली तर शंभर यार्डांपर्यंत रायफल. तितर मारावयास निघालेल्या माणसासमोर अस्वल आले तरी काडतूस बदलले की भागले. फिरतीवरच्या अधिकाऱ्याच्या गरजेचे इतके नेमके ज्ञान ज्या हत्यारात उतरले आहे, असे दुसरे आम्हांस ठाऊक नाही. दोष एकच. ती घेण्यास खिसाही साहेबाचा लागे.

ज्यांना ती परवडली नाही, त्यांच्यासाठी हलक्या रायफली होत्या. इंग्लंडात कावळ्याच्या जातीचे ‘रूक’ पक्षी मारण्यासाठी केलेल्या बारीक नळीच्या रायफली इकडे आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ पॉइंट टू-टू. तिचे आज सर्वत्र चालणारे लाँग रायफल काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत निघाले. वजन हलके, आवाज थोडा, धक्का नाहीच, आणि काडतुसे इतकी स्वस्त की मुलालाही खर्चाची बोलणी बसत नाहीत. बसलेला ससा किंवा होला मांस न नासता पडतो. मोकळेपणाने हिंडणाऱ्याला याहून सोयीचे काय, असे कोणीही म्हणेल.

येथेच जमीन आडवी येते. बारीक छर्रे चाळीस यार्डांपलीकडे निरुपयोगी होतात आणि दोनअडीचशे यार्डांच्या आत मातीला मिळतात. पॉइंट टू-टूची इवलीशी गोळी मात्र चुकली तर मैलाहून अधिक जाऊ शकते, आणि खडकावर किंवा तळ्याच्या पाण्यावर आपटली की कोणत्या दिशेस उसळेल हे कोणी सांगू शकत नाही. मलनाडात दर झाडामागे डोंगराची भिंत आहे. ती गोळी पोटात घेते. होसकोट्यास काय आहे? खडक, पाणी, सपाटी, आणि प्रत्येक झुडपामागे शेळ्या राखणारा एक पोर. सर्वांत निरुपद्रवी दिसणारी बंदूक या माळावर सर्वांत धोक्याची ठरते. येथे ज्यांनी छर्ऱ्यांची साधी बारा बोअर खांद्यावर घेतली, त्यांची निवड आम्ही योग्य मानतो, मग ती त्यांनी विचाराने केलेली असो वा काटकसरीने. स्वातंत्र्यानंतर इच्छापूरच्या कारखान्यातील .३१५ बोअरची रायफलही परवानेदारांच्या घरी आली, कारण .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसास बंद होते. पण सशाला ती फार आणि माळाला त्याहून फार.

कायद्याची गोष्ट निराळी. १८७८ च्या शस्त्रकायद्याच्या अंमलात ब्रिटिश मुलखातील गोऱ्यांना मोकळीक आणि एतद्देशीयांना परवाना, असा उघड भेद होता. कागदावरून तो १९२० च्या नियमांनी गेला. शेजारच्या कोडगूत मात्र १८६१ पासून कोडवांना शस्त्राची सूट आहे, आणि कैलपोदच्या सणाला ते घरातील बंदूक फुले वाहून पुजतात. आमच्या खंडेनवमीची आठवण व्हावी असाच तो सोहळा. म्हैसूर संस्थानाने शिकारीचे पशुपक्षी आणि मासे यांच्या रक्षणाचा कायदा १९०१ मध्येच केला होता.

१९५९ चा शस्त्रकायदा १९६२ मध्ये अंमलात आला, आणि त्याच्या तेराव्या कलमात आमचा सारा प्रश्न चार ओळींत निकालात निघाला आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची, आत आटे नसलेली बंदूक. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची. आणि पॉइंट टू-टू फक्त मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास, निशाणबाजीपुरती. कायदा करणाऱ्यांनी शेळ्या राखणारा पोर पाहिला होता की नाही कोण जाणे, पण हलकी रायफल त्यांनी नेमकी रानातून उचलून मातीच्या बांधासमोर नेऊन ठेवली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार परवान्यापुरती उरली आणि १९९१ च्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद झाला. आज होसकोट्याच्या तळ्यावर पहाटे जाणारे लोक दुर्बिणी घेऊन जातात.

मात्र ‘लहानात लहान बार कोणता’ हा प्रश्न याच मुलखात एकदा अगदी वेगळ्या कारणाने विचारला गेला होता. १९३९-४० मध्ये सालिम अली यांनी म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. लहानपणी मुंबईत त्यांनी छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका ओळखेना, म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांचे आयुष्य पक्ष्यांकडे वळले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. पाहणीतही नमुने बंदुकीनेच मिळवावयाचे होते. पण शिकाऱ्याला पाखरू खावयाचे असते आणि त्यांना त्याचे कातडे पिसांसह अखंड हवे होते. जाड छर्रा लागला की नमुन्याच्या चिंध्या होत. म्हणून पिठासारख्या बारीक छर्ऱ्यांचा बार भरावयाचा, अंतर अचूक ओळखावयाचे, आणि एका जातीचे हवे तेवढेच पक्षी घेऊन थांबावयाचे. त्या पाहणीचे लेख सोसायटीच्या नियतकालिकात १९४२-४३ मध्ये क्रमशः छापून आले.