रुग्णाची हालचाल व चालण्याची साधने

आजारपण, दुखापत किंवा शस्त्रक्रिया यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस कूस बदलणे, उठून बसणे, उभे राहणे आणि चालणे या क्रमाने पुन्हा हिंडते-फिरते करणे हा परिचर्येचा एक मूलभूत भाग आहे. त्यात व्यायाम, रुग्णाला सुरक्षितपणे उठविण्याच्या व हलविण्याच्या पद्धती आणि काठी, कुबड्या, वॉकर यांसारख्या साधनांचा उपयोग यांचा समावेश होतो. कोणती हालचाल केव्हा सुरू करावी हे डॉक्टर ठरवितात व व्यायामाची आखणी भौतिकोपचारतज्ज्ञ करतात. दिवसरात्र रुग्णाजवळ असणाऱ्या परिचारिकेवर आणि घरी परतल्यावर कुटुंबीयांवर ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही विश्रांती हेच औषध मानले जात असे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर रुग्णाला बरेच दिवस बिछान्यातून उठू दिले जात नसे. १८९९ मध्ये शिकागो येथील एमिल रीस यांनी शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठविण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, परंतु त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा व मनुष्यबळ अपुरे पडू लागल्यावर रुग्णांना लवकर उठविणे भाग पडले आणि त्याचे फायदे दिसून आले. १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात अंथरुणात पडून राहण्याचे धोके अवयवनिहाय मांडले. परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक व्हर्जिनिया हेंडरसन यांनी परिचर्येची जी १४ मूलभूत अंगे सांगितली, त्यांत हालचाल करणे व योग्य शरीरस्थिती राखणे यांचा समावेश आहे.

अंथरुणात पडून राहण्याचे दुष्परिणाम

* स्नायू व सांधे : न वापरलेले स्नायू झपाट्याने क्षीण होतात. निरोगी वृद्धांवर केलेल्या एका अभ्यासात (२००७) केवळ १० दिवसांच्या शय्याविश्रांतीनंतर पायांतील चरबीविरहित ऊतकात सरासरी सुमारे १ किलोग्रॅम घट आढळली. सांधे आखडतात व हाडांतील कॅल्शियम कमी होते.
* रक्ताभिसरण : पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकल्यास मृत्यूही ओढवतो.
* श्वसन : कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो.
* त्वचा : माकडहाड, टाचा, खुबे या ठिकाणी सतत दाब पडून शय्याव्रण होतात.
* इतर : बद्धकोष्ठता, मूत्रसंसर्ग, खिन्नता आणि वृद्धांमध्ये संभ्रम.

व्यायामाचे प्रकार

रुग्ण स्वतः हालचाल करू शकत नसल्यास परिचारिका त्याचा सांधा आधार देऊन हलविते; हा निष्क्रिय व्यायाम होय. त्याने सांधा मोकळा राहतो, पण स्नायूंचे बळ वाढत नाही. रुग्ण थोडा जोर लावतो व उरलेली मदत दुसरा करतो तो साहाय्यित व्यायाम, रुग्ण सर्व हालचाल स्वतः करतो तो सक्रिय व्यायाम, आणि वजन वा विरोधाविरुद्ध केलेला तो प्रतिरोधी व्यायाम. सांधा न हलविता स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम प्लास्टर घातलेल्या पायासाठीही उपयोगी पडतो. घोट्यापासून पाऊल वरखाली करणे हा झोपल्या झोपल्या करता येणारा व्यायाम शिरांतील रक्तप्रवाह वाढवितो. वेदना होईल इतका सांधा कधीही ताणू नये.

उठविण्याचा क्रम

स्वतः वळू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणपणे दर २ तासांनी बदलण्याची प्रथा आहे. उठविताना प्रथम खाटेचे डोके उंच करतात, मग रुग्णाला कडेला पाय खाली सोडून काही मिनिटे बसवितात आणि त्यानंतरच उभे करतात. अनेक दिवस आडव्या असलेल्या व्यक्तीचा रक्तदाब उभे राहताच उतरू शकतो. उभे राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मि.मी. पाऱ्याने घटल्यास ती घट महत्त्वाची मानतात. चक्कर, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास रुग्णाला लगेच बसवावे. चाकांची खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूस ठेवून तिचे ब्रेक लावावेत. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये. त्याने खांद्याला इजा होऊ शकते. उचलणाऱ्याने कंबरेत न वाकता गुडघे वाकवावेत.

चालण्याची साधने

काठी : काठी अशक्त पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते. दुखऱ्या बाजूसच काठी धरणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. हात सरळ खाली सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेत यावी, म्हणजे काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. काठी व अशक्त पाय एकाच वेळी पुढे जातात. अधिक आधारासाठी तीन किंवा चार पायांची काठी वापरतात.

कुबड्या : काखेतील गादी व काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. भार हातांवर घ्यावयाचा असतो, काखेवर नव्हे. काखेवर सतत भार पडल्यास तेथील चेता दाबली जाऊन मनगट लुळे पडू शकते. एका पायावर भार देण्यास मनाई असल्यास दोन्ही कुबड्या व तो पाय पुढे नेऊन नंतर चांगला पाय टाकतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी, असा नियम आहे.

वॉकर : तोल सांभाळणे कठीण असलेल्या वृद्धांसाठी हे सर्वांत स्थिर साधन आहे. चारही पाय जमिनीवर टेकल्यावरच पाऊल टाकावे. जिन्यावर वॉकर वापरू नये. सर्व साधनांची रबरी बुचे झिजताच बदलावीत.

मर्यादा व दक्षता

लवकर हालचाल म्हणजे वाटेल तेव्हा हालचाल नव्हे. पक्षाघाताच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांतच वारंवार व अधिक प्रमाणात उठविलेल्या रुग्णांची प्रगती नेहमीच्या परिचर्येपेक्षा कमी आढळली. अस्थिर अस्थिभंग, अनियंत्रित रक्तदाब किंवा छातीत दुखणे अशा स्थितींत वैद्यकीय परवानगी आवश्यक असते. दुसरीकडे, पडण्याच्या भीतीने रुग्णाला बसवूनच ठेवल्यास पाय अधिक दुर्बळ होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

भारतीय घरांत उंबरा, ओली न्हाणी, सुटी सतरंजी व भारतीय पद्धतीचे शौचकूप या अडचणी विशेष असतात. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णास मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यास सहसा मनाई असल्याने शौचासाठी खुर्ची, भिंतीला धरण्याचे दांडे व रात्री दिवा यांची सोय घरी परतण्यापूर्वीच करावी लागते.

भारतातील सोयी

पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी स्थापन झाले. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेखाली (२०१७) गरजू ज्येष्ठ नागरिकांना काठ्या, कुबड्या, वॉकर व चाकांच्या खुर्च्या विनामूल्य दिल्या जातात. साधन मिळाल्यावर त्याची उंची रुग्णाच्या मापाची करून घेणे व वापर शिकून घेणे आवश्यक असते.

हेही पहा

* भौतिकोपचार
* शय्याव्रण
* पक्षाघात