सुटीतल्या पर्यटकांमागे कॅमेरा

परदेशी सुटीवर गेलेल्या ब्रिटिशांमागे कॅमेरा लावण्याची टूम 1990च्या दशकात रुजली. स्काय वनवर 1997 साली आलेल्या ‘इबिझा अनकव्हर्ड’ने दारू नि धांगडधिंगा दाखवून प्रेक्षक जमवले, त्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. 2009मध्ये ब्राव्हो वाहिनीवरच्या ‘बिग ट्रबल इन टुरिस्ट थायलंड’ने अडचणीत सापडलेले पर्यटक, तिथे स्थायिक झालेले परदेशी आणि पर्यटक पोलिसांना मदत करणारे परदेशी स्वयंसेवक दाखवले. गाजला तो फुकेतचा प्रसंग. रॉयल मरीन्सच्या जवानांनी भाड्याची जेटस्की परत करताच धंदेवाल्याने तिच्यावरचे ओरखडे दाखवत भरपाईसाठी दमदाटी सुरू केली. किनाऱ्यावरची ही लुबाडणूक जुनीच होती, पण यावेळी ती चित्रित झाली. चित्रफीत पसरली, थायलंडमध्ये गदारोळ उठला आणि त्या धंदेवाल्याला अटक झाली.