लिव्हरवर सूज : जवसाची चटणी किती कामाची? जाणून घ्या

हिवरखेड : सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ आलं की घरचे घाबरतात अन् कोणीतरी सांगतं, ‘जवस खा.’ हा सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे.

आजार काय?
वाढलेलं वजन, शुगर, गोड-तेलकट खाणं यामुळे लिव्हरच्या पेशींत चरबी साठते. त्यातून सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली तर लिव्हर कडक होत जातं, पुढे सिरोसिस. सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून उशीर होतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

जवसात काय आहे?
जवसाच्या दाण्यात साधारण ४० टक्के तेल असतं आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ प्रकारचं अल्फा लिनोलेनिक आम्ल. शरीर त्याच्या थोड्याशा भागाचं ईपीए बनवतं. ते पेशींच्या आवरणात बसलं की सूज वाढवणारी रसायनं कमी तयार होतात. बांगडा, तारली या समुद्री मासळीत ईपीए आयतंच मिळतं.

फायदा किती?
माणसांवरील अभ्यासांत ओमेगा-३ मुळे लिव्हरची चरबी कमी झालेली दिसली. पण कडक झालेलं लिव्हर त्याने पूर्ववत होतं, हे सिद्ध झालेलं नाही. सूज उतरवायला वजन ७ ते १० टक्के घटवणं जास्त कामाचं. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो. दारू सुरू असेल तर जवस लिव्हर वाचवणार नाही.

कसं खायचं?
• जवस भाजून, कुटून चटणी करा. रोज एक-दोन चमचे, भाकरीसोबत. अख्खा दाणा न पचताच निघून जातो.
• सोबत पाणी भरपूर प्या. कच्चा जवस जास्त खाऊ नका.
• कूट लवकर खवट होतो; थोडाच करा, झाकून ठेवा.
• जवसाचं तेल तळणाला वापरू नका. रंगकामाचं अळशीचं तेल तर खाण्याचं नाहीच.
• रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायावर सूज, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, यापैकी काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सुरू असलेली गोळी जवसाच्या भरवशावर बंद करू नका.