एका वचनाचा इतिहास

ज्युबिली हा शब्द मूळ इब्री भाषेंतला आहे. मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग फुंकून ज्या महोत्सवाची द्वाही फिरवावयाची, त्या महोत्सवास त्या शिंगावरूनच हें नांव पडलें. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा केली, कीं सात वेळां सात वर्षें मोजून पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. ज्याची शेतजमीन गरजेपायीं विकली गेली असेल त्यास ती त्या वर्षीं परत मिळावी, आणि जो दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या दारीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें. वाचकहो, या आज्ञेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. महोत्सवाचा आरंभ देवाच्या वचनानें झाला खरा. परंतु त्याची सांगता शेताच्या बांधावर आणि राबणाऱ्याच्या उंबरठ्यावर व्हावयाची होती. वचन ऐकलें आणि शेत मात्र परत दिलें नाहीं, तर ती ज्युबिली झालीच नाहीं.

आपल्या धर्मग्रामाच्या या आनंदाच्या प्रसंगीं हाच विचार वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें. पन्नास वर्षें म्हटलीं, तरी सुमारें २,६०० रविवार होतात. प्रत्येक रविवारीं मिस्साबलिदानाच्या वेळीं शुभवर्तमान वाचलें जातें. आपण उभे राहून तें ऐकतों, आणि आधीं कपाळावर, ओठांवर व छातीवर क्रूसाची खूण करतों. हें वचन आमच्या बुद्धींत, वाणींत आणि अंतःकरणांत राहो, अशी ती जणूं कबुलीच होय. पुढें काय होतें? पुष्कळदां असें होतें, कीं वचन देवालयांत राहतें आणि आम्ही तेवढे घरीं जातों. हा दोष दुसऱ्या कोणाचा म्हणून आम्ही सांगत नाहीं. तो प्रथम आमचाच आहे.

वचन घरीं न्यावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें समजण्यास कोरड्या विवेचनापेक्षां खऱ्या माणसाचें चरित्र अधिक उपयोगी पडतें. म्हणून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या आयुष्यांत एका वचनानें केलेली कामगिरी आम्ही येथें सांगतों.

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नवार देशांतील झेवियरच्या गढींत झाला. १५२५ सालीं ते पॅरिसच्या विद्यापीठांत गेले आणि सेंट बार्ब नांवाच्या विद्यालयांत राहूं लागले. घराणें कुलीन, परंतु युद्धांत त्याचें वैभव ओसरलेलें. मुलगा बुद्धिमान, खेळांत तरबेज आणि महत्त्वाकांक्षी. १५३० सालीं ते मास्टर ही पदवी मिळवून तत्त्वज्ञान शिकवूं लागले. पुढें मायदेशीं मानाची व उत्पन्नाची एखादी धर्मपदवी पटकवावी, असा त्यांचा बेत होता.

त्यांच्याच खोलींत १५२९ सालीं एक प्रौढ विद्यार्थी राहावयास आला. त्याचें नांव इग्नेशियस लोयोला. १५२१ सालीं पाम्प्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला होता; चाल लंगडी, वस्त्रें गरिबीचीं आणि चरितार्थ भिक्षेवर. अशा माणसाविषयीं झेवियर यांस प्रथम तिटकाराच वाटला. परंतु इग्नेशियस यांनीं त्यांचा पिच्छा सोडला नाहीं. परंपरा अशी सांगते, कीं मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांतील प्रभूचा प्रश्न ते झेवियर यांस पुनः पुनः विचारीत: सगळें जग हातीं आलें आणि आत्मा मात्र हातचा गेला, तर त्या माणसास लाभ तो कोणता?

हा प्रश्न कोणत्या शब्दांत आहे तें पाहा. लाभ आणि हानि हे शब्द मठांतले नव्हेत, बाजारांतले आहेत. तराजू धरणाऱ्या, वही लिहिणाऱ्या, नफ्यातोट्याचा विचार करणाऱ्या माणसास समजेल अशाच भाषेंत प्रभूनें तो घातला. म्हणूनच पदवीचा व उत्पन्नाचा हिशेब करीत बसलेल्या तरुणाच्या मनांत तो कांट्यासारखा रुतला.

पण केवळ प्रश्न विचारून इग्नेशियस थांबले नाहींत. १५३५ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत झेवियर यांनीं सांगितलें आहे, कीं अडचणीच्या वेळीं इग्नेशियस यांनीं आपणांस पैशाची मदत केली आणि स्वतःच्या मित्रांकडूनही करविली. जो स्वतः भिक्षेवर जगत होता त्यानेंच दुसऱ्याची निकड भागविली! वचन बोलणाऱ्याचा हात जर रिकामा आणि मूठ जर झांकलेली असती, तर तें वचन झेवियर यांच्या कानावरून वाऱ्यासारखें निघून गेलें असतें, असें आम्हांस वाटतें. शास्त्रवचन दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार सेवेनें मिळतो, ही या इतिहासांतील पहिली शिकवण होय.

१५ ऑगस्ट १५३४ रोजीं पॅरिसजवळील मोंमार्त्र टेकडीवर झेवियर, इग्नेशियस व आणखी पांच सोबती यांनीं देवास नवस केला. ७ एप्रिल १५४१ रोजीं, म्हणजे आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, झेवियर लिस्बन बंदरांतून निघाले आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. त्यांजपाशीं पोपचे वकील म्हणून नेमणुकीचीं पत्रें होतीं. तरी ते राहिले कोठें? रुग्णालयांत. त्याच वर्षीं सप्टेंबरांत लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं आपला दिनक्रम कळविला आहे: आजाऱ्यांस संस्कार द्यावे, बंदिवानांस भेटावें, रविवारीं शहराबाहेरील महारोग्यांसाठीं मिस्सा करावी, आणि मुलांस धर्मशिक्षण द्यावें. हातांत घंटा घेऊन गल्लोगल्लीं मुलांस हांका मारणारे फादर ही त्यांची मूर्ति गोमंतकांत आजही सर्वांस परिचित आहे. पॅरिसमध्यें ऐकलेल्या एका वचनाचा हा अर्थ होता. सगळें जग मिळविण्याच्या बेताऐवजीं आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, एवढाच तो अर्थ!

याहून बोधप्रद गोष्ट पुढें आहे. जानेवारी १५४८ मध्यें कोचीनहून पोर्तुगालमधील आपले सोबती सिमाँव रोद्रिगिश यांस लिहितांना झेवियर यांनीं पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्याविषयीं एक सूचना केली. राजा रागावणार नाहीं अशी खात्री असती, तर आपण त्यास एकच साधना सांगितली असती, असें ते म्हणतात. ती अशी, कीं राजानें रोज पाव तास याच वचनाचें मनन करावें, आणि त्याचा खरा अर्थ समजावा व अंतःकरणास जाणवावा म्हणून देवाजवळ कृपा मागावी. कारण कारभाराचा हिशेब देण्याची घटका त्यास वाटते त्याहून जवळ आली आहे. त्याच वर्षीं झेवियर वसईस आले व तेथें गव्हर्नर जुवाँव द कास्त्रो यांस भेटले. तेव्हां या वचनाचा वाहक आपल्या या किनाऱ्यावरूनही गेला आहे.

या सूचनेंत वचनाचा उपयोग करण्याची सगळी रीति सांठविलेली आहे. वचनें पुष्कळ नकोत, एक पुरे. वेळ फार नको, पाव तास पुरे. पण तो रोजचा असावा. अर्थ आपल्या बुद्धीच्या बळावर काढावयाचा नाहीं, देवाजवळ मागावयाचा. आणि मुख्य म्हणजे राजानें तें वचन प्रजेस लावावयाचें नाहीं, स्वतःस लावावयाचें. वीस वर्षांपूर्वीं जो प्रश्न एका गर्विष्ठ विद्यार्थ्यास विचारला गेला, तोच प्रश्न त्याच शब्दांत राजासही पुरला. आणि तोच मच्छीमारास, शेतकऱ्यास व कारकुनासही पुरतो.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. शास्त्रवचन तोंडीं असणें म्हणजे तें जीवनांत असणें नव्हे. अरण्यांत प्रभूची परीक्षा झाली, तेव्हां सैतानानेंही स्तोत्रसंहितेंतील वचनच पुढें केलें. देवदूत सांभाळतील असें लिहिलें आहे, तेव्हां मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असा त्याचा युक्तिवाद होता. वचन खरें होतें, उपयोग खोटा होता. कारण देवावर विश्वास ठेवण्यासाठीं दिलेलें वचन देवाची परीक्षा पाहण्यासाठीं वापरलें गेलें. प्रभूनें अनुवादाच्या पुस्तकांतील दुसऱ्या वचनानें त्यास निरुत्तर केलें. यावरून हें उघड होतें, कीं एक वचन दुसऱ्यापासून तोडूं नये. सगळें शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या उजेडांत तें वाचावें. आमच्या घरांत हा दोष साध्या रूपानें शिरतो. नवरा बायकोस आज्ञाधारकपणाचें वचन ऐकवितो आणि पतीनें पत्नीवर, ख्रिस्तानें ख्रिस्तसभेवर केली तशी, प्रीति करावी हें पुढचें वचन विसरतो. बाप मुलास चौथी आज्ञा सांगतो, पण मुलांस चिडवूं नये हें पौलाचें सांगणें गाळतो. असें वचन दिव्यासारखें न राहतां काठीसारखें होतें.

आणखी एका गोष्टीचा येथें उल्लेख केला पाहिजे. वचन आयुष्यास लागूं पडावें तर तें माणसाच्या स्वतःच्या भाषेंत त्याच्या कानीं पडलें पाहिजे. झेवियर यांनीं दक्षिणेच्या किनाऱ्यावर प्रार्थना तामिळ भाषेंत करवून घेतल्या त्या याचसाठीं. मराठी भाषेवर हा उपकार फादर थॉमस स्टीफन्स यांनीं केला. हे इंग्लंडचे येशुसंघीय पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले. साष्टीमध्यें एका रविवारीं धर्मशिक्षणानंतर एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें त्यांस विनविलें, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं द्या; अशी हकीकत त्यांनीं आपल्या ग्रंथांतच सांगितली आहे. त्या विनंतीचें फळ म्हणजे सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें, आणि १६४९ व १६५४ सालीं पुनः निघालें. शुभवर्तमानाची कथा ओवींत आली, तेव्हां ती देवालयांतून घराघरांत गेली. मात्र १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारानें लोकभाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला, आणि वचनाचें हें दार पुष्कळ अंशीं लोटलें गेलें.

आज तें दार सताड उघडें आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस जागा करून दिली, आणि १८ नोव्हेंबर १९६५ च्या लेखांत पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांस सुलभ व्हावें असें सांगितलें. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं सामान्य काळांतील तिसरा रविवार देवाच्या वचनाचा रविवार म्हणून नेमून दिला. आपल्या आजोबांस दुर्मिळ असलेला ग्रंथ आज आपल्या फळीवर आहे. आतां भाषेची सबब उरली नाहीं. उरला आहे तो फक्त पाव तासाचा प्रश्न.

तो पाव तास घरोघरीं असा घालवितां येईल. रविवारच्या शुभवर्तमानांतील एकच वचन निवडावें. सायंकाळीं जपमाळेनंतर घरांतील एकानें तें वाचावें, सर्वांनीं थोडा वेळ मौन धरावें, आणि प्रत्येकानें मनांत एकच विचारावें: उद्यां या वचनापायीं मला काय करावें लागेल? उत्तर नेहमीं लहान आणि नेहमीं अवघड असतें. बंधूशीं समेट करून मग वेदीवर दान वाहावें, असें प्रभु सांगतो. आणि ज्या भावाशीं वाटणीवरून अबोला धरला आहे, त्याचें घर बहुधा देवालयाच्या वाटेवरच असतें. पिशवींत दोन प्रकारचीं वजनें बाळगूं नयेत, असें अनुवादाचें पुस्तक सांगतें; हें वचन दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचावें. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वीं द्यावी, असेंही तेंच पुस्तक सांगतें. हें लावणी-कापणीच्या दिवसांत आणि घरकाम करणाऱ्या बाईचा महिना भरतो त्या दिवशीं वाचावें. जीभ ही लहानशी ठिणगी रान पेटविते, असें याकोब म्हणतो. हें लग्नघरीं व चुलीपाशीं आठवावें. मी आजारी होतों आणि तुम्हीं मला भेटलां, असें जो अखेरच्या दिवशीं म्हणणार आहे, तो आपल्याच आळींत एखाद्या खाटेवर वाट पाहत पडलेला असतो.

शनिवारीं रात्रीं पुनः तेंच वचन वाचून हिशेब पाहावा. हिशेबांत तूट दिसेल. आम्हांस तर ती दर आठवड्यास दिसते. तिनें खचून जाऊं नये. झेवियर यांसही पहिल्या दिवशीं तें वचन पटलें नव्हतें. तें पुनः पुनः कानीं पडावें लागलें, तेव्हां कोठें हृदयांत उतरलें.

असो. या ज्युबिलींत देवालयास रंग लागेल, पताका लागतील, मिरवणूक निघेल, आणि तें योग्यच आहे. परंतु इस्राएलाच्या ज्युबिलींत कोणाचें तरी शेत त्यास परत मिळत असे, हें आपण विसरूं नये. आपल्या धर्मग्रामांत या वर्षीं एका भावाचा अबोला सुटला, एका गरिबाची अडलेली मजुरी चुकती झाली, एका एकाकी आजाऱ्याचें दार कोणी ठोठावलें, तर रणशिंग खरोखर वाजलें असें आम्ही समजूं. देवाची कृपा आपणां सर्वांस हें करण्याचें बळ देवो. आमेन.