अक्षरांचें स्थलांतर

वऱ्हाडांतील वाशिम हें आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्याची फोड होऊन हा जिल्हा अस्तित्वांत आला. परंतु या नगराचें राजधानीपण त्याहून सुमारें सोळाशें वर्षांनीं जुनें आहे. वत्सगुल्म या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेचें राजपीठ होतें. आणि नवल असें कीं, ही स्वतंत्र शाखा होऊन गेली, याचा उलगडा १९३९ सालीं वाशिमास ताम्रपट हातीं येईपर्यंत झालेला नव्हता. राजा दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेल्या दानाचा तो लेख होय. त्यांतील राजवंशाचें वर्णन संस्कृतांत असून दानाचा व्यवहार प्राकृतांत आहे.

तांब्यावरील तीं अक्षरें आजच्या बाळबोध वाचकास ओळखतां येण्याजोगीं नाहींत. विद्वानांनीं एकेक आकृति तपासली, ती कोणत्या वर्णाची हें ठरविलें आणि मग तो वर्ण नागरींत उतरविला. शब्द तेच राहिले, भाषा तीच राहिली. पालटलें तें केवळ चिन्ह. या कामांत एका चिन्हाची चूक किती महाग पडते, याचें उदाहरणहि याच राजघराण्याच्या इतिहासांत आहे. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील वराहदेवाच्या शिलालेखांत या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन याचें नांव कोरलेलें होतें. पण अक्षरें झिजल्यामुळें पूर्वींच्या अभ्यासकांनीं तें निराळें वाचलें. वाशिमचा ताम्रपट मिळाल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो शिलालेख पुन्हां तपासला, तेव्हां सर्वसेन आपल्या जागीं आला. चुकीच्या वाचनानें एक राजा इतिहासांतून पुसला गेला होता. भिंत शाबूत होती, म्हणून तो परत मिळाला.

हेंच काम आज संगणकावर घडीघडीस चालतें. संगणकास अक्षर कळत नाहीं, आंकडा कळतो. कोणता आंकडा म्हणजे कोणतें अक्षर, याचा जो कोष्टकरूप करार, त्यास संकेतपद्धति म्हणतात. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या ‘आस्की’ कोष्टकांत १२८ जागा होत्या, आणि त्या इंग्रजी लिहिणारांच्या सोयीच्या होत्या. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेली ‘सी’ ही भाषा याच वातावरणांत वाढली. तिच्यांत मजकूर म्हणजे बाइटांची एक ओळ. शेवटीं शून्य आलें कीं मजकूर संपला. ती बाइटें कोणत्या कोष्टकाप्रमाणें वाचावयाचीं, हें त्या ओळींत कोठेंहि लिहिलेलें नसतें.

भारतीय लिपींकरितां १९९१ सालीं ‘इस्की’ हें राष्ट्रीय मानक निघालें. त्यांत वाशिम हा शब्द २१२, २१८, २१३, २१९, २०४ अशा पांच बाइटांत मावतो. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींस एका कोष्टकांत घेणारें ‘युनिकोड’ प्रसिद्ध झालें. त्यांत ‘व’ चा अंक २३५७ आहे. एका बाइटांत २५५ हून मोठी संख्या मावत नाहीं. म्हणून केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ च्या सप्टेंबरांत ‘यूटीएफ-८’ ही रीति योजिली. या रीतीनें ‘व’ लिहिण्यास २२४, १६४, १८१ हीं तीन बाइटें लागतात आणि वाशिम या शब्दास पंधरा. मजकुराची लांबी मोजणारें ‘सी’ मधील ‘स्ट्रलेन’ हें फलन म्हणूनच येथें पंधरा असें उत्तर देतें. तें अक्षरें मोजीत नाहीं, बाइटें मोजतें.

एका पद्धतींतून दुसरींत मजकूर नेण्याकरितां ‘सी’ मध्यें ‘आयकॉन्व्ह’ नांवाचीं फलनें वापरतात. प्रथम कोठें जावयाचें त्या पद्धतीचें नांव द्यावें, मग कोठून निघावयाचें तिचें. मार्गांत न बसणारें बाइट भेटलें, तर फलन तेथेंच थांबून दोष कळवितें. ‘इस्की’सारख्या पद्धतीचें कोष्टक पुष्कळ संचांत नसतें, तेव्हां प्रोग्रॅम लिहिणारास २५६ घरांचें कोष्टक स्वतः मांडावें लागतें. येथें एक जुना खळगा आहे. पुष्कळ यंत्रांवर ‘सी’ चें साधें ‘कॅर’ हें चिन्हासहित धरलें जातें. त्यामुळें २१२ ही संख्या उणे ४४ होते, आणि कोष्टकांतील घराऐवजीं प्रोग्रॅम कोष्टकाबाहेरच हात घालतो. तें बाइट आधीं ‘अनसाइन्ड’ करून घेतलें म्हणजे हा अपघात टळतो.

यंत्र दोष सांगतें तोंवर धोका थोडा. खरा धोका मुकाट्यानें होणाऱ्या चुकीचा. ‘इस्की’ मजकूर पश्चिम युरोपाच्या कोष्टकानें वाचला, तर २१२ हें तेथेंहि वैध बाइट आहे. ‘व’ च्या जागीं डोक्यावर छत्री घेतलेला रोमन ‘ओ’ येतो आणि यंत्र तक्रार करीत नाहीं. मराठी छपाईच्या जुन्या फाँटांची गोष्ट याहून बिकट. त्यांत प्रत्येक कारखान्याचें कोष्टक निराळें. शिवाय ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस दिसते तशी अक्षराच्या आधीं सांठविलेली. त्यामुळें वाशिम युनिकोडांत नेतांना केवळ आंकडे बदलून भागत नाहीं. वेलांटी ‘श’ च्या मागें न्यावी लागते. तसें न केल्यास ती ‘वा’ ला जाऊन चिकटते.

अशी चूकहि सुधारतां येते, पण मूळ फाईल जपली असेल तरच. न समजलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागीं प्रश्नचिन्ह घालून तीच फाईल वर लिहून ठेवली, कीं सर्व प्रश्नचिन्हें सारखीं. कोणतें ‘व’ आणि कोणतें ‘श’ हें पुढें कोणीहि सांगूं शकत नाहीं. म्हणून मूळ तसेंच ठेवावें, त्याची पद्धति त्याच्याशेजारीं नमूद करावी, आणि नवी प्रत उलट फिरवून मुळाशीं ताडून पाहावी.

सर्वसेनानें ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य रचलें होतें. अलंकारशास्त्रकारांनीं त्याचा गौरवानें उल्लेख केला आहे. पण तें आज उपलब्ध नाहीं. राजाचें नांव दगडावर होतें, म्हणून तें दुसऱ्यांदा वाचतां आलें. त्याच्या काव्यास ती दुसरी संधि मिळाली नाहीं.