‘कळकणे’: एका क्रियापदाचा इतिहास आणि जलशुद्धी

पाण्यात उतरलेली विषारी जड धातुद्रव्ये निरुपद्रवी द्रावकांच्या साहाय्याने काढून घेणे, हा रसायनशास्त्राचा अलीकडचा उद्योग होय. धातू अन्नपाण्यात उतरतो ही जाणीव मात्र जुनी असून तिचा इतिहास ग्रंथांपेक्षा शब्दांत अधिक टिकला आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार तगराचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. त्याच बंदरात तांबे, कथील व शिसे उतरत असे. सातवाहनांनी तर शिशाची नाणी पाडली. ‘कथील’ हा शब्द संस्कृत ‘कस्तीर’पासून आला असून त्याचे नाते ग्रीक ‘कस्सितेरोस’शी आहे. ‘कल्हई’चे मूळ अरबी आहे. परंतु ज्या दोषाच्या निवारणार्थ कल्हई करावयाची, त्याचे नाव घरचे आहे. ‘कळकणे’ हे ‘कलंक’ शब्दाच्या कुळातील क्रियापद होय. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते. आंबट पदार्थातील अम्ल तांब्याला विरघळवून आपल्याशी बांधून घेते, हे त्याचे कारण.

ही केवळ चवीची बाब नव्हती. अशा भांड्यांतून तांबे मिसळलेले दूध आणि बालकांचा यकृताचा घातक विकार यांचा संबंध पुण्यातील रुग्णांच्या अभ्यासातून १९८३ मध्ये पुढे आला. कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असेल, तर रक्षकच भक्षक ठरतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

कल्हई धातूला अन्नापासून दूर ठेवते; पाण्यात आधीच उतरलेल्या धातूवर तिचा इलाज नाही. तेथे नवे द्रावक उपयोगी पडतात. दोन पदार्थ एकत्र केले असता दोहोंपेक्षा पुष्कळ कमी तापमानास वितळणारी मिश्रणे ॲबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वर्णिली. पाण्यात सहजी न मिसळणारी मिश्रणे २०१५ मध्ये पुढे आली. त्यांतील काहींत मेदाम्ले असतात. मिश्रण पाण्याबरोबर घुसळले असता अम्ल धातूला बांधते, थर वेगळे होतात आणि धातू द्रावकाबरोबर निघून जातो. म्हणजे ताक ज्या गुणाने कळकते, त्याच गुणाने पाणी निष्कलंक करावयाचे. मात्र द्रावक स्वतः पाण्यात झिरपू नये आणि त्यातील धातू परत काढता यावा. एरवी ‘हरित’ हे विशेषण नावापुरतेच उरेल.

पितळी भांड्यांबरोबर ‘कळकणे’ही बोलीतून मावळत चालले आहे. परिभाषाकारांनी ‘धातुदूषण’ हा शब्द अवश्य वापरावा. परंतु कारण, परिणाम आणि सावधगिरी एकाच क्रियापदात साठविणारा हा शब्द कोशातच राहू देणे हे भाषेचे, तसेच ज्ञानाचेही नुकसान ठरेल.