चार्लोट अमाली: बंदरावरचे आठ तास

क्रूझवर 'पोर्ट डे' नावाचा एक प्रकार असतो. सकाळी सात-आठला जहाज धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सगळ्यांनी परत जहाजावर. मधले आठ-नऊ तास तुमचे. आदल्या रात्री केबिनच्या दारात एक रंगीत पत्रक सरकवलेलं असतं. त्यात बीच, झिपलाइन, हिऱ्यांच्या दुकानांचा नकाशा आणि एका कोपऱ्यात चार ओळींचा 'इतिहास'. त्या चार ओळींत समुद्री चाचे असतातच. चाच्यांशिवाय कॅरिबियन विकलं जात नाही.

तर मंडळी, आजचं पोस्ट सेंट थॉमस बेटावरच्या चार्लोट अमालीबद्दल. यू. एस. व्हर्जिन आयलंड्सची ही राजधानी. इथे गाडी डावीकडून चालते. अख्ख्या अमेरिकेच्या ताब्यातल्या मुलखात फक्त इथेच. बरं, गाड्या अमेरिकेतून आलेल्या, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच! ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला चिकटून बसलेला. सफारी टॅक्सी म्हणतात ती इथली खास चीज. ट्रकच्या मागे बाकडी टाकून वर छप्पर केलेलं. आपल्या वडापची मोठी बहीणच.

हॅवनसाइटच्या धक्क्यावरून गावात जायला दोन-अडीच किलोमीटर. पाण्याच्या कडेने चालत जाता येतं. गावातला मुख्य रस्ता मेन स्ट्रीट, पण पाटीवर अजूनही डॅनिश नाव आहे: द्रोनिंगेन्स गादे, म्हणजे राणीचा रस्ता. दोन्ही बाजूंना दागिने, घड्याळं, दारू, परफ्यूम. अमेरिकन नागरिकाला इथून १६०० डॉलरपर्यंतचा माल ड्यूटी न भरता नेता येतो, त्यामुळे झुंबड असते. दुकानदारांमध्ये सिंधी मंडळी भरपूर. एका काउंटरमागच्या काकांनी "इंडिया में कहाँ से?" विचारलं. पुणे म्हटल्यावर म्हणाले, "अरे, आमची मावशी उल्हासनगरला!" हिरा काही आम्ही घेतला नाही, पण चहा मिळाला.

आता जरा त्या दुकानाकडे बघा. दोन हात जाडीच्या भिंती, कमानी, आणि दुकान अरुंद पण लांबच लांब, मेन स्ट्रीटपासून थेट पाण्यापर्यंत. मॉल असा कोणी बांधत नाही. ही गोदामं आहेत. मागच्या दाराने जहाजातला माल आत, पुढच्या दाराने विक्री. १८०४ आणि १८०६ च्या आगींत बरंच गाव जळालं, त्यानंतर लोकांनी दगड-विटांत बांधकाम केलं. पिवळसर दिसणाऱ्या विटा डेन्मार्कहून आलेल्या. येताना जहाज हलकं पडू नये म्हणून तळाशी भरायच्या आणि इथे उतरवायच्या.

डॅनिश लोक इथे १६७२ मध्ये आले. कंपनीची सनद त्याच्या आदल्या वर्षीची. गावाचं पहिलं नाव होतं 'ताफूस', म्हणजे चक्क दारूचा गुत्ता. १६९१ मध्ये राजाच्या बायकोचं, राणी चार्लोट अमालीचं, नाव देऊन गावाला सभ्य केलं. पाण्याजवळचा लाल रंगाचा फोर्ट क्रिस्तियन त्याच सुरुवातीच्या वर्षांतला.

सेंट थॉमसची जमीन डोंगराळ, ऊस फारसा नाही. बेटाकडे होतं ते बंदर. शेतीपेक्षा व्यापार बरा, हे डॅनिशांनी लवकर ओळखलं. युरोपातल्या लढायांत डेन्मार्क बहुतेक वेळा तटस्थ, त्यामुळे सगळ्यांची जहाजं इथे यायची. साखर, रम, कापड, आणि माणसं. आफ्रिकेतून डॅनिश जहाजांनी गुलाम करून आणलेल्यांची संख्या लाखाच्या आसपास धरली जाते. त्यांचा एक मोठा बाजार या गावात होता. पत्रकातल्या चार ओळींत हे नसतं.

आणि इथे आपला एक धागा निघतो. याच डेन्मार्कने १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगमबाडी मिळवली होती. आपण ऐकलेलं नाव ट्रांकेबार. पुढे १६७५ च्या सुमारास तंजावर व्यंकोजीराजांच्या हाती आलं आणि डॅनिशांचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारात जमा व्हायला लागला. शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचे भाडेकरू! हिंदुस्थानातलं सुती कापड कोपनहेगनला जायचं, तिथून गिनीच्या किनाऱ्यावर, आणि तिथे त्या कापडाच्या बदल्यात माणसं घेतली जायची. ती माणसं इथे. आपण शाळेत 'त्रिकोणी व्यापार' शिकतो, पण त्रिकोणाला चौथा कोपरा होता आणि तो आपल्याकडे होता, हे कोणी सांगत नाही.

गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा डेन्मार्कने १७९२ मध्ये केला आणि अंमल १८०३ पासून. मधली दहा वर्षं मळेवाल्यांना 'स्टॉक' भरून घ्यायला. गुलामगिरी मात्र चालूच. १८४७ मध्ये ठरलं की बारा वर्षांनी सगळे मोकळे होतील. लोक थांबले नाहीत. ३ जुलै १८४८ ला शेजारच्या सेंट क्रॉयवर हजारो गुलाम फ्रेडरिकस्टेडच्या किल्ल्यासमोर जमले आणि गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेनला त्याच दिवशी स्वातंत्र्य जाहीर करावं लागलं. वरिष्ठांना न विचारता केलं म्हणून मायदेशी त्याच्यावर खटला झाला. वरच्या कोर्टात सुटला. मजूर कमी पडतात म्हणून १८६३ मध्ये कलकत्त्याहून तीनशेच्या वर हिंदुस्थानी गिरमिटिये सेंट क्रॉयला आणले, पण तो प्रयोग एका जहाजावरच संपला.

मला सगळ्यात भिडलेला भाग याच्या पुढचा आहे. वाफेची जहाजं आली तशी सेंट थॉमस कोळसा भरायची जागा झाली. ब्रिटिश टपालाची जहाजं, मग जर्मन कंपनी, सगळी इथे थांबायची. आणि जहाजात कोळसा कोण चढवायचं? बहुतांशी बायका. डोक्यावर टोपली, फळीवरून वर, रिकामी करून खाली, परत वर. मजुरी टोपलीमागे. जहाजावरचे प्रवासी कठड्याला टेकून हे बघायचे. फोटो काढायचे, त्यांची पोस्टकार्डं निघायची. म्हणजे बंदरावरचा 'लोकल कलर' तेव्हाही होता. १८९२ मध्ये मजुरी मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत मिळत होती आणि त्यांची किंमत घसरली होती. दुकानदार ती पूर्ण भावाने घेईनात. कोझाया नावाच्या बाईच्या पुढाकाराखाली कोळसेवाल्या बायका रस्त्यावर उतरल्या, डॅनिश पैशातच मजुरी हवी म्हणून. आणि जिंकल्या. आपल्याला पगार कमी पडला तर आपण रेझ्युमे अपडेट करतो. त्यांच्याकडे दुसरं बंदर नव्हतं.

आता बेटांच्या विक्रीची गोष्ट. ही कुठल्याही फ्लॅटच्या व्यवहाराला लाजवेल अशी आहे. डेन्मार्कला विकायची सवय होतीच, तरंगमबाडी आणि श्रीरामपूर १८४५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला साडेबारा लाख रुपयांना देऊन टाकली होती. १८६७ मध्ये अमेरिकेशी पहिला करार झाला: सेंट थॉमस आणि सेंट जॉन, ७५ लाख डॉलर. व्यवहार पुरा व्हायच्या आतच भूकंप आणि त्सुनामी. तरीही बेटावरच्या मोजक्या मतदारांना विचारलं, ते प्रचंड बहुमताने 'हो' म्हणाले, आणि अमेरिकन सिनेटने करार मंजूरच केला नाही. १९०२ मध्ये दुसरा प्रयत्न. या वेळी डेन्मार्कच्या वरिष्ठ सभागृहात ३२ विरुद्ध ३२. फिसकटला.

मग पहिलं महायुद्ध. जर्मनी हे बंदर बळकावेल अशी अमेरिकेला भीती. परराष्ट्रमंत्री लान्सिंगने सुचवलं की विकलं नाही तर कदाचित ताबाच घ्यावा लागेल. १९१६ मध्ये अडीच कोटी डॉलरला सौदा झाला. त्यासोबत अमेरिकेने लिहून दिलं की डेन्मार्कने आपला अधिकार संपूर्ण ग्रीनलंडवर पसरवला तर आमची हरकत नाही. (हो, तेच ग्रीनलंड. हल्लीच्या बातम्या वाचताना हा कागद आठवावा.) डिसेंबर १९१६ ला डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं, सुमारे ६४ टक्के 'विका' म्हणाले. बेटांवरच्या सव्वीसेक हजार लोकांना या वेळी विचारलंच नाही. ३१ मार्च १९१७ ला झेंडा बदलला. नागरिकत्व यायला १९२७ उजाडलं, आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथल्या रहिवाशांना आजही मत नाही.

तुमचं जहाज जिथे लागतं तो हॅवनसाइटचा धक्का वेस्ट इंडियन कंपनीचा. पनामा कालवा उघडणार म्हणून १९१२ मध्ये डॅनिश भांडवलदारांनी ही कंपनी काढली. कालवा १९१४ ला उघडला, पण जहाजं कोळशावरून तेलावर गेली. बंदर ओस पडलं. क्यूबातल्या क्रांतीनंतर अमेरिकन पर्यटकांना हवाना बंद झालं, ते इकडे वळले, आणि गोदामांत हिरे आले. कंपनी १९९३ पासून बेटांच्या सरकारच्या मालकीची आहे.

जाणारच असाल तर बीचवर अर्धा दिवस घाला, मेगन्स बे खरंच सुंदर आहे. उरलेल्या वेळात १८३३ मधलं सिनेगॉग बघा. आत जमिनीवर वाळू पसरलेली आहे. चित्रकार पिसारो याच गावचा, जन्म १८३०, घर मेन स्ट्रीटवर. आणि मग टेकडीवर जाणाऱ्या जिन्याने वर चढा, पायऱ्यांच्या विटा त्याच डेन्मार्कच्या. वरून धक्क्यावरचं आपलं जहाज दिसतं. जिन्याचं नाव 'नव्याण्णव पायऱ्या', पण मोजल्यात तर १०३ भरतात.